जेट्टी गाठायचीय!

भेटेल त्याला मी सध्या एकच सांगत सुटले आहे. हरिहरेश्वर ते गुहागर सायकलनं करा, आणि एका दिवसात करा. दमाल, चिडाल, एखाद्या चढावर सायकल दरीत ढकलून द्यावीशी वाटेल, तरी करा! मी पुण्याची. जन्मभर कोकणात गेले ती गाडीच्या मागच्या सीटवर, आवळासुपारी चघळत. कोकण कसं आहे हे मला डिसेंबरातल्या त्या एका दिवशी समजलं, आणि डोळ्यांच्या आधी ते मांड्यांना समजलं.

ग्रुपमध्ये तोंडओळखीची माणसं होती. पुढे असायचे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांच्या सायकलचं वय विचारायचं नाही, असा अलिखित नियम. सगळ्यात मागे पंप आणि ट्यूबा घेतलेला एक अबोल मुलगा. काकांचे नियम दोनच. चढावर कुणी कुणासाठी थांबायचं नाही, माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं. आणि भूक लागायच्या आधी खायचं. लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, असं ते म्हणायचे. मी हसले होते. दुपारी मी त्याच काकांकडे गुडदाणी मागत होते!

सकाळी बागमांडल्याच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा सावित्रीच्या खाडीवर धुकं होतं. फेरीबोटीवर सायकली टेम्पो आणि मोटारसायकलींच्या मधे उभ्या केल्या, आणि चहा गार व्हायच्या आत पलीकडे वेश्वीला उतरलो. रायगड जिल्हा संपला, रत्नागिरी सुरू. मी मनात म्हटलं, आता समुद्राकाठानं मजेत जायचं.

आणि चढ लागला.

कोकणचा नकाशा मी शाळेत काढला होता, पण तो कुठे कळला होता? सह्याद्रीतून निघालेल्या नद्या आखूड, वेगानं खाली येणाऱ्या, आणि प्रत्येकीनं समुद्राला मिळताना जांभ्याचा कातळ खोल कापलेला. गावं खाडीच्या तोंडाशी, नारळी-पोफळीत. दोन गावांच्या मधे सडा, कातळाचं उघडं पठार. म्हणजे गावातून निघालं की चढायचं, वर उघड्या सड्यावरून जायचं, मग ब्रेक दाबत खाली पुढच्या गावात, की पुन्हा चढायचं. कुठलाच चढ शंभर-दोनशे मीटरांच्या फार पलीकडे जात नाही. नुसता एकच असता तर आम्ही गाणी म्हणत चढलो असतो. पण कमावलेली उंची प्रत्येक उतारावर परत करावी लागते! घाटात निदान माथा येतो, फोटो काढता येतो. इथे माथाच नाही. संध्याकाळी सायकलवरच्या यंत्रानं दिवसभराच्या चढाची बेरीज दीड हजार मीटरच्या वर दाखवली. सिंहगडाचा डांबरी रस्ता दोनदा चढून झाल्यावरही थोडं उरेल, इतकी.

मांदिवलीच्या पुलावरून भारजा ओलांडून केळशी. घावन, चटणी, पुन्हा घावन. मग आडे आणि पाडले. अरे, हा रस्ता! उजव्या हाताला समुद्र, इतका जवळ की लाटेचा आवाज चेनच्या आवाजात मिसळत होता. चक्क सपाट. मी वेड्यासारखी ओरडत सुटले होते आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण सगळेच ओरडत होते.

आंजर्ल्याला जोग नदी ओलांडली, पाजपंढरीचा मासळीचा वास छातीत भरून घेतला, हर्णैला समुद्रातला सुवर्णदुर्ग लांबूनच पाहिला. थांबायला वेळ नव्हता. काकांची घाई एकच, दिवस मावळायच्या आत दाभोळची जेट्टी. मुरुडला नारळपाणी पिताना त्यांनी सांगितलं की महर्षी कर्वे इथलेच, लहानपणी परीक्षेसाठी इथून साताऱ्याला चालत गेले होते, कुंभार्ली घाट चढून, आणि तिथे वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आमच्यातली एक वहिनी पायाला आलेला गोळा चोळत बसली होती. तिनं निमूट हेल्मेट चढवलं.

लाडघरच्या पुढे मात्र माझं सगळं संपलं. बुरोंडीच्या वरचा सडा, टळटळीत दुपार, सुकलेलं पिवळं गवत, झाडाची सावली म्हणून नाही. पुढची चकती सगळ्यात लहान, मागची सगळ्यात मोठी, आणि तरीही पेडल खाली जाईना. वेग इतका की माशी हेल्मेटवर बसून प्रवास करत होती. पाणी कोमट, इलेक्ट्रॉलची चव नकोशी. समुद्र दिसला तरी त्याचा रागच येत होता. आणि मग काहीतरी झालं, ते नीट सांगता येत नाही. मागचा अबोल मुलगा शेजारी आला आणि बोलला नाहीच, फक्त माझ्याच वेगानं चालवू लागला. त्याचा पाय आणि माझा पाय एका ठेक्यात पडायला लागले. पुढच्या वळणापर्यंत, मग त्याच्या पुढच्या. माथ्यावर सगळे कातळावर आडवे पडले होते. कुणीतरी गुडदाणी तोंडात कोंबली. दहा मिनिटांत माझे पाय परत आले! कुठे गेले होते, कुठून आले, देव जाणे. माझ्यात इतकं शिल्लक होतं आणि मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं!

दाभोळचा उतार आम्ही किंचाळत उतरलो. वाशिष्ठीची खाडी तांबूस झालेली, पलीकडे अंजनवेलच्या वीज प्रकल्पाची धुराडी, ज्याला सगळे अजून एन्रॉनच म्हणतात. 2003 पासून इथे गाड्या नेणारी फेरीबोट चालते. नाहीतर चिपळूणचा वळसा पडला असता, आणि मग हा लेख लिहायला मी उरले नसते. बोटीवर एका ट्रक ड्रायव्हरनं विचारलं, कुठून आलात? हरिहरेश्वर म्हटल्यावर त्यानं सायकलींकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि आपला शेंगदाण्याचा पुडा सरळ आमच्या हातात दिला.

धोपाव्याला उतरलं की समोर पुन्हा चढ. अर्थातच! दिवे लावले आणि निघालो. या वेळी शिव्या कुणी दिल्या नाहीत, मीच पुढे होते.

गुहागरला जेवताना सोलकढीच्या वाट्यांचा हिशेब खानावळीच्या काकूंनी सोडून दिला. काकांनी उद्याचा बेत मांडला. तवसाळची जेट्टी, जयगड, मग गणपतीपुळे. मी भात कालवता कालवता विचारलं, "चढ किती?"

"आजच्यापेक्षा कमी," ते म्हणाले.

मला चक्क वाईट वाटलं.