घाट उतरताना बॅटरी भरते तेव्हा

सदलगा हे दूधगंगेच्या काठचं, उसाच्या सपाट मळ्यांचं गाव. इथं गाडी शिकणाऱ्याच्या पायाला उतार ठाऊकच होत नाही. निपाणीपुढं तवंदीचा घाट लागतो खरा, पण हमरस्त्यावरच्या त्या उतारात फारसा कस लागत नाही. कस लागतो तो आजरा ओलांडून आंबोली उतरताना, किंवा राधानगरी-दाजीपूरकडून फोंडा घाटात. तिथला आपल्या ड्रायव्हरांचा नियम एकच: ज्या गिअरला चढलात, त्याच गिअरला उतरा. हायब्रिडमध्ये तो गिअर हाताखाली उरला नाही आणि नव्या पोरांना वाटतं, नियमही गेला. ब्रेकवर पाय ठेवला की वीज बॅटरीत, म्हणजे घाट हे फुकटचं चार्जिंग. मला हे पटत नाही. हायब्रिडला तो नियम जास्तच लागू आहे, कारण तिची मोटर गाडी किती वेळ धरून ठेवणार हे बॅटरीतल्या रिकाम्या जागेवर ठरतं, आणि ती जागा फार थोडी असते.

हिशेबच मांडू. बंगळुरूजवळ बिडदीला बनणाऱ्या ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी ०.७६ युनिटची. माणसं आणि सामान धरून गाडी १६०० किलोची समजा. आंबोलीहून दाणोलीकडं साडेपाचशे मीटर खाली आलो, तर उंचीतून सुटणारी ऊर्जा सुमारे २.४ युनिट. त्यातली बरीच टायर आणि वारा खातात, थोडी वीज होताना जाते. तरी एक युनिटच्या आसपास बॅटरीच्या दाराशी येतंच. बॅटरी टिकावी म्हणून ती पुरती रिकामी किंवा पुरती भरलेली ठेवत नाहीत, मधला पट्टाच वापरतात. तेव्हा माथ्यावर निम्मी भरलेली बॅटरी घाट संपण्याच्या बऱ्याच आधी ‘बास’ म्हणते. भोर घाटात ३७ ला १ अशा उतारावरून येणारं रेल्वेचं थ्री-फेज इंजिन वीज वरच्या तारेत परत सोडतं, ती दुसऱ्या गाडीच्या कामी येते. आपल्या गाडीला अशी तार नाही. टाकी भरली की पंप बंद.

माझं सगळं लक्ष अडकलं आहे ते या ‘बास’च्या क्षणापाशी. पॅडल तेच, दाब तोच, गाडी मंदावतेही तशीच. पण आतलं काम मोटरकडून ब्रेक पॅडकडं गेलेलं असतं आणि पायाला त्याचा पत्ता नसतो. साध्या गाडीत ब्रेक तापले की पॅडल मऊ लागतं, करपट वास येतो, त्याच्याही आधी इंजिनच्या आवाजावरून वेग कळतो. इथं निम्मा घाट पॅड थंड राहिलेले, आणि नंतर सगळा भार एकदम त्यांच्यावर. म्हणूनच सिलेक्टरवर ‘बी’ दिला आहे. त्यात इंजिन पेट्रोल न जाळता फिरतं, मोठ्यानं घुमतं आणि गाडी ओढून धरतं. बॅटरी भरली की ‘डी’मध्येही काही गाड्या आपणहून हे करतात. तो आवाज ऐकून लोक घाबरतात, गाडी बिघडली म्हणतात. तो आवाज म्हणजेच जुना दुसरा गिअर आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: ‘बी’ लावला की फुकटची वीज बुडते. जागा असेपर्यंत हे काही अंशी खरं आहे, पण जागाच संपल्यावर बुडणार काय? वीज जास्त मिळवायची असेल तर ब्रेक लवकर आणि हलका लावावा. वळणाच्या तोंडाशी साठावरून तीसवर तीन सेकंदांत आणलं, तर हीच गाडी सरासरी ५५ किलोवॅटच्या वेगानं ऊर्जा टाकते. एवढी एवढीशी बॅटरी ती एकदम घेऊ शकत नाही, उरलेली पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. तेच मंदावणं लांबवर पसरलं, तर बरंचसं पदरात पडतं. दुसरा आक्षेप: हे सगळं कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो, आणि बहुतेक वेळा माणसापेक्षा चांगलं. तरी २०१० साली टोयोटाला मोटर आणि पॅडमधल्या याच सांध्यासाठी चार लाखांवर हायब्रिड परत बोलवाव्या लागल्या: खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस जागं होताना ब्रेक क्षणभर सैल पडल्यासारखा वाटायचा. सॉफ्टवेअर सुधारलं. पण घाटात किती वेगानं शिरायचं, हे कुठलंच सॉफ्टवेअर ठरवत नाही.

मला जास्त राग येतो तो न्यूट्रलवाल्यांचा. तेल वाचवायच्या नादात गाडी मोकळी सोडायची सवय त्यांनी हायब्रिडमध्येही आणली. तिथं ‘एन’मध्ये बॅटरी चार्जच होत नाही, म्हणजे मोटरचा ब्रेकही गेला आणि बचतही. शिकवणारेही आता स्क्रीनवरचा मायलेजचा आकडा दाखवतात, उतार दाखवत नाहीत. आम्हा घाटातल्या ड्रायव्हरांचा तोरा निराळा होता: खाली पोचल्यावर चाकाजवळ हात नेला तर धग लागता कामा नये. हा अभिमान आहे, नुसती काटकसर नव्हे, आणि तो मी सोडणार नाही. हायब्रिडमध्ये तो मिरवायला तर जास्तच वाव आहे.

आंबोलीच्या पावसात आणखी एक गोष्ट लागते. या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मोटर असेल, तर वीज करताना मोटर जो ब्रेक लावते त्याचा, म्हणजे रिजनचा, सगळा ओढा पुढच्या दोन चाकांवर असतो. शेवाळलेल्या कडेला ती चाकं घसरू लागली की रिजन सुटतं आणि पॅड काम उचलतात. त्या सांध्याला गाडी जराशी पुढं सरकल्यासारखी वाटते. घाबरून पाय उचलू नये, दाब तसाच ठेवावा. आणि ‘बी’ माथ्यावरच, रस्ता सरळ असताना लावावा. ओल्या वळणात लावला, तर तो ओढा नेमका चाकं वळलेली असताना येतो.