बरं आहे

1886 साली रत्नागिरीत दोन गोष्टी आल्या. ब्रह्मदेशातून हद्दपार झालेला थिबा राजा आणि मनोरुग्णालय. राजाचा वाडा आम्ही पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. मनोरुग्णालयावरून रिक्षा गेली की मात्र विषय बदलतो. ‘याला रत्नागिरीला पाठवा’ ही थट्टा बाहेरगावी ऐकून मीही हसलेली आहे.

त्यामुळे जून 2023 मध्ये माझ्यावरच वेळ आली तेव्हा मी गावात कुणाकडे गेले नाही. पहाटे तीनला जाग यायची, बँकेत काउंटरवर उगाच डोळे भरून यायचे, आणि मी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं. घरी सांगितलं, अंबाबाईचं दर्शन. खरं काय ते फक्त नवऱ्याला माहीत. पुढच्या सगळ्या चुका या एका चुकीच्या पोटातून निघाल्या.

तिथल्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध दिलं, 10 मिलीग्रॅम, सकाळी एक. गुण यायला काही आठवडे लागतील, त्रास मात्र आधी जाणवेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. डबीवर मी ‘कॅल्शियम’ असं लिहिलं. महिन्याभरात रडू थांबलं, हे कबूल करायलाच हवं. पण अंगातलं त्राण गेलं. साडीच्या निऱ्या करताना हात भरून यायचे, मग पलंगावर बसून उरलेल्या निऱ्या. आणि जांभया! समोर ग्राहक मुदतठेवीचा व्याजदर विचारतोय आणि मी तोंडावर पासबुक धरलेलं. जांभया हा या गोळ्यांचा माहीत असलेला परिणाम आहे, हे मला फार उशिरा कळलं. गंमत म्हणजे या औषधांची वाटच मुळी 1952 साली न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात सापडली. तिथं आयप्रोनियाझिड हे क्षयावरचं औषध दिलेले रुग्ण इतके तरतरीत झाले की वॉर्डात नाचू लागले. मी मात्र दुपारी तीननंतर टेबलावर पेंगायची.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी विचारलं, ‘‘कसं वाटतंय?’’

‘‘बरं आहे,’’ मी म्हटलं.

का म्हटलं? एसटीत चार तास घालवल्यावर तक्रार करायला लाज वाटली. रडणं थांबवलं त्या माणसापुढे आता थकव्याचं रडगाणं कशाला, असंही वाटलं. ऑगस्टची तारीख तर मी चुकवलीच. घाटात पाऊस फार, ही सबब तयार होती. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणल्या आणि डॉक्टरकी सुरू केली.

आधी गोळी रात्रीवर नेली. काहींना ते मानवतंही, पण मला विचित्र स्वप्नं पडू लागली, झोप तुटू लागली, आणि दिवस आणखी जड गेला. मग चहा वाढवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सहा कप, कडक. पावसाळी सर्दी होती म्हणून दुकानातून आणलेली सर्दीची गोळी रोज रात्री चालू. तिनंही गुंगी येते हे पाकिटावर छापलेलं असतं, पण आपण पाकीट वाचतो कधी? सासूबाई म्हणायच्या, ‘‘अगो, पावसाळ्यात सगळ्यांनाच जडत्व येतं. जरा चाल.’’ मीही ते आळसाच्या खात्यावर जमा केलं.

गणपती 19 सप्टेंबरला होते. घरात पंधरा माणसं येणार, आणि मला तांदळाची पिठी दळून आणायला रिक्षापर्यंत जाणं नको वाटत होतं. मी ठरवलं, एवढे दिवस गोळी बंद. 15 तारखेपासून एकदम सोडली. दोन दिवस खरंच हलकं वाटलं. चतुर्थीला सकाळी उकड मळत होते, मान वळवली आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं झालं. मग पुन्हा. डोळे हलवले तरी झटका. चक्कर, मळमळ, आणि नणंदेनं नारळ कुठला घेऊ एवढं विचारलं तर मी तिच्यावर ओरडले. मोदकांच्या पाऱ्या फाटत होत्या. आरतीला मी भिंत धरून उभी. ऋषिपंचमीची भाजी कुणी चिरली, मला आठवत नाही.

त्या रात्री मागीलदारी जाऊन टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 ला, फोन लावला. पलीकडची बाई मराठीत शांतपणे बोलली. हे झटके गोळी अचानक तोडल्यामुळे येऊ शकतात, स्वतःच्या मनानं काही ठरवू नका, उद्याच डॉक्टरांशी बोला. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला फोन केला. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. कधी थांबवायचीच झाली तर मात्रा हळूहळू उतरवत न्यायची, म्हणाले. मग म्हणाले, ‘‘एवढ्या लांब येता, म्हणूनच येत नाही तुम्ही. गावात दाखवा आणि रक्त तपासून घ्या.’’

हिमोग्लोबिन 8.6 निघालं. बाईचं 12 तरी हवं. दोन वर्षं पाळी जोरात जात होती आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा समजलं की जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. थकवा घालवायला जे सहा कप पीत होते, ते उलट कामाला लागले होते. थोडा थकवा आजाराचा, थोडा गोळीचा, बराचसा रक्ताचा. मी सगळा गोळीच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

ऑक्टोबरात आमच्याच मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभी राहिले, पदर डोक्यावरून घेऊन. मागून एकानं ओळखलंच. आमच्या शाखेचा खातेदार. मी मान खाली घातली. त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, माझी एफडी या महिन्यात संपते, नूतनीकरणाला स्वतः यावं लागेल का?’’

हिमोग्लोबिन आता 11.4 आहे. गोळी सकाळी नाश्त्यानंतर, जेवणाबरोबरचा चहा बंद, सर्दीची गोळी विचारून. थकवा पूर्ण गेलेला नाही. डबीवरचं ‘कॅल्शियम’ मी खोडलं, सासूबाईंनी ते पाहिलं, काही बोलल्या नाहीत. सोमवारी तारीख आहे. वहीत लिहून ठेवलंय : दुपारी तीन ते साडेचार डोळे उघडे राहत नाहीत.