डेडस्टॉकला नसलेला मोबाइल

तालुक्याच्या गावात एसटी स्टँड असतो, तहसील कचेरी असते आणि गावाच्या जरा बाहेर, माळाला लागून, एक शिक्षक कॉलनी असते. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेले दीड-दोन गुंठ्यांचे प्लॉट, दारावर 'गुरुकृपा' नाहीतर 'मातृछाया', कुंपणाला जास्वंद आणि पायरीशी तिरकी लावलेली एम-एटी गाडी. आम्ही त्या कॉलनीतली पोरं. कुणाचे वडील गुरुजी, कुणाची आई बाई. ज्यांच्या घरी दोघंही शिक्षक होते, त्यांच्याकडे बाकीची कॉलनी थोड्या आदराने आणि बऱ्याच हेव्याने बघायची. दोन पगार म्हणजे गंमत नव्हती.

आमच्या घरांतून काही म्हणता काही फेकून दिलं जात नसे. रिकाम्या काडेपेट्या, बाटल्यांची झाकणं, चिंचोके, आइसक्रीमच्या काड्या, बुटांची खोकी, लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू. या सगळ्याला आमच्याकडे 'शैक्षणिक साहित्य' म्हणत. झाकणांवर बाराखडी, पत्रिकांवर जोडाक्षरं, खोक्यात सूर्यमाला. कुणा नातेवाइकाच्या लग्नाची पत्रिका आली की आई आधी तिचा कागद बोटांनी चाचपून बघायची, मुहूर्त नंतर. मे महिन्यात टॉर्चच्या संपलेल्या सेलमधली काळी पूड आणि कोळसा पाल्याबरोबर वाटला जाई, आणि जूनमध्ये शाळेचा फळा नव्या नवरीसारखा मिरवे.

याच घरांत आम्ही एक शब्द फार लहानपणी ऐकला. डेडस्टॉक. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू ज्या रजिस्टरात चढते ते डेडस्टॉक रजिस्टर. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. तिच्यातून शाळांना नकाशे मिळाले, पृथ्वीगोल मिळाला, विज्ञानाची पेटी मिळाली. सगळं डेडस्टॉकला चढलं आणि कपाटात गेलं. पृथ्वीगोल फुटला तर? भिंग हरवलं तर? बदली झाली की चार्ज देताना वस्तू मोजून द्यावी लागे. कमी भरली की खिशातून भरपाई. म्हणून वाडीवरच्या पोरांना पृथ्वीगोल पंधरा ऑगस्टला दिसे, तोही लांबून. गुरुजी पृथ्वी शिकवायचे ती मोसंबी घेऊन. मोसंबी डेडस्टॉकला नसे, आणि तास संपल्यावर तिच्या फोडी वाटता येत.

टीव्हीचंही तेच. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही शैक्षणिक कार्यक्रम करणारी संस्था सुरू झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत आणि आम्ही ते शाळेत नव्हे, घरी बघितले. ज्या शाळेत संच होता तिथे तो लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला. (ही कॉलनीतली कुजकी चेष्टा, किल्ली टेबलाच्या खणात असायची.) वीज असली तर अँटेना वळलेला, अँटेना नीट असला तर वीज गेलेली. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना तिचं सुरुवातीचं संगीत आठवलं, कार्यक्रम मात्र एकही नीट सांगता येईना.

मग आलं एमएस-सीआयटी. ते आमच्या घरांवर आलं, असंच म्हणावं लागेल. हा संगणकाचा अभ्यासक्रम २००१च्या सुमारास निघाला आणि पुढे सरकारी नोकरांना तो बंधनकारक झाला. २००७ संपायच्या आत पास व्हा, नाहीतर वेतनवाढ थांबेल. वेतनवाढ हा शब्द ऐकल्यावर शिक्षक कॉलनीत जी शांतता पसरते ती दहावीच्या निकालालाही पसरत नाही.

चाळिशी उलटलेली माणसं पुन्हा क्लासला जाऊ लागली. संध्याकाळी सहाची बॅच. शाळेतून येऊन, तोंडावर पाणी मारून, नवी वही काखोटीला मारून निघायची. शिकवायला कोण? त्यांचेच विद्यार्थी. चौथीत ज्याला पाढे येईनात म्हणून अंगठे धरून उभा केलेला, तो आता "बाई, माउस दाबू नका, नुसता धरा" म्हणून सांगायचा. बाई माउस असा धरत की जणू तोही डेडस्टॉकला आहे. डबल क्लिक जमायला आठवडे गेले. दोन टिचक्यांच्या मध्ये त्या एक श्वास घेत.

पण वह्या! त्या वह्या जपून ठेवायला हव्या होत्या. वळणदार अक्षरात, समासाला लाल रेघ, शीर्षकाखाली दुहेरी रेघ: संगणक सुरू करण्याची कृती. साहित्य: संगणक, माउस, कीबोर्ड. कृती: प्रथम भिंतीवरील बटण सुरू करावे. निरीक्षण: पडद्यावर डोंगर दिसतो. आमच्या घरांत कुठलीही गोष्ट आधी वहीत यायची, मग यंत्रात. परीक्षेच्या दिवशी आम्ही त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. निकाल लागल्यावर पेढे वाटले गेले, आणि प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन डी.एड.च्या प्रमाणपत्राशेजारी भिंतीवर चढलं.

शाळेतले संगणक? ते डेडस्टॉकला चढले होते. त्यांना फुलाफुलांची झालरवाली आवरणं शिवली गेली. आमच्याच घरच्या शिवणयंत्रावर.

आमचं म्हणणं इतकंच, की या माणसांना यंत्राची भीती नव्हती. रेडिओ उघडून जोडणारे, सायकलचं पंक्चर काढणारे, शाळेच्या बोअरचा हातपंप दुरुस्त करणारे हे लोक. भीती होती ती मोडलं तर आपल्या नावावर येईल याची. वर्तमानपत्रं लिहायची, 'शिक्षकांमध्ये तंत्रज्ञानाविषयी उदासीनता'. लिहिणाऱ्याने कधी चार्ज-यादीवर सही केली नसावी.

हे पटत नसेल तर पुढे काय झालं ते आठवा. स्वतःच्या पैशाने घेतलेला स्मार्टफोन हातात आला आणि तीच माणसं बदलली. हा मोबाइल कुठल्याच रजिस्टरात नव्हता. पडला तर आपला, फुटला तर आपला. आणि तो पोरांच्या हातात द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम निघाला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हे नवं बिरुद गावोगाव फिरू लागलं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघायला लोक गाड्या करून जात. परत आले की लोकवर्गणी. ग्रामपंचायत, दूध डेअरी, मुंबईत हमाली करणारे गावकरी, माजी विद्यार्थी, कुणी शंभर, कुणी हजार, आणि उरलेले गुरुजींच्या खिशातून. ज्यांना टीव्ही परवडला नाही त्यांनी मोबाइलसमोर ठेवायचं मोठं भिंग आणलं. त्यात चित्र कडेला वाकडं दिसे, आणि अख्खी पहिली त्यासमोर डोकी एकमेकांना घासत बसे. वीजबिल थकून शाळेची लाइन तुटली तर शेजारच्या घरातून वायर. ज्वालामुखी बघून पोरं मागे सरकली, तेव्हा बाईंना जो आनंद झाला तो त्या घरी येऊन तीन दिवस सांगत होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे जगभर माहीत झाले, २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलर्सचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ जणांना वाटून टाकली. त्या रात्री आमच्या कॉलनीत फटाके वाजले. निम्मी रक्कम वाटण्याबद्दल मात्र दोन मतं होती.

घराघरांत वर्ग भरायचे ते वेगळेच. शिक्षक आम्ही, विद्यार्थी आईवडील. "अगं, तो हिरवा फोन कुठे गेला?" "आप्पा, ते व्हॉट्सअॅप आहे, फोन नाही." "मग त्यावर फोनचं चित्र कशाला?" या प्रश्नाला आमच्याकडे आजही उत्तर नाही. मराठी टायपिंग जमेना म्हणून बोलून लिहायची सोय दाखवली, तर आप्पांनी मोबाइलला चक्क श्रुतलेखन घालायला सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द दोनदा, स्वल्पविराम तोंडाने उच्चारून. मोबाइल मागच्या बाकावरच्या पोरासारखा भलतंच लिहायचा आणि आप्पा चिडून म्हणायचे, "लक्ष कुठाय तुझं?"

शाळेच्या फळ्यावर डाव्या कोपऱ्यात वार, तिथी, दिनांक, पट, हजर, गैरहजर आणि मधोमध रंगीत खडूने सुविचार. हा सुविचार तसाच्या तसा व्हॉट्सअॅपवर गेला. पहाटे साडेपाचला, गुलाबासह. शहरातले लोक 'गुड मॉर्निंग'वाल्यांना हसतात. आम्हाला हसू येत नाही. आमच्या घरात तीस वर्षं रोज सकाळी कुणीतरी उठून अनोळखी पोरांसाठी एक बरं वाक्य शोधत होतं. शुद्धलेखनाचंही तसंच. घरच्या ग्रुपवर आम्ही 'मि निघालो' लिहिलं की उत्तर यायचं, 'मी दीर्घ. सावकाश ये.'

पालकांचा ग्रुप हे मात्र खरं काम झालं. ऊसतोडीला गेलेला बाप तिकडून पोराची कविता ऐकायचा. न बोलणारी एखादी आई आवाज रेकॉर्ड करून विचारायची, "बाई, माझी वाचती का?" पूर्वी हा निरोप बाजारच्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून यायचा, नाहीतर यायचाच नाही.

याच मोबाइलने पुढे घात केला तो असा, की तो वरच्या लोकांनाही दिसला. मग लिंक आल्या. ही लिंक भरा, ती माहिती आज दुपारपर्यंत द्या, वृक्षारोपणाचा फोटो टाका, हात धुतल्याचा फोटो टाका, खिचडीचा फोटो टाका, फोटोत तारीख-ठिकाण दिसू द्या. दिवसा साइट चालत नसे, म्हणून आमच्या आया रात्री अकराला चष्मा लावून माहिती भरत बसल्या. आम्ही शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचो. अर्थात सगळं आधी वहीत. साइट बंद पडली, माहिती उडाली, तर वही होती ना! शिकवण्यासाठी घेतलेला मोबाइल हजेरीच्या कारकुनीला जुंपला गेला, याचा आमच्या घरांतला राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊही नये.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या आईवडिलांची नोकरीची शेवटची वर्षं होती. स्वयंपाकघर स्टुडिओ झालं. तांदळाच्या दोन डब्यांवर पट्टी आडवी टाकायची, पट्टीवर मोबाइल पालथा, खाली वही, झाला कॅमेरा. दाराला चादर, पंखा बंद, आम्हा सगळ्यांना दम. "तर मुलांनो, आज आपण" म्हणेपर्यंत कुकरची शिट्टी. पुन्हा सुरुवात, तर भंगारवाला. एका बाईंच्या भागाकाराच्या व्हिडिओत मागून त्यांचे यजमान "चहा झाला का" म्हणतात ते तालुकाभर ऐकलं गेलं, आणि पुढे वर्षभर केंद्रातल्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी ते म्हणायचंच.

पण पटावरच्या किती जणांच्या घरी असा मोबाइल होता? होता तो बाप कामावर घेऊन जायचा, आणि संध्याकाळी आला तर रिचार्ज संपलेला. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागू लागली, तिचा आधार झाला. उरलेल्यांसाठी आप्पांनी एम-एटी काढली. स्वाध्याय कार्बन लावून लिहिलेले, चार प्रती, पाचवी पुसट. वाडीवर जाऊन ओट्यावर चार-चार पोरं लांब लांब बसवायची, शिकवायचं, पुढच्या ओट्यावर जायचं. तोंडाला मास्क, खिशात खडू, आणि फळा म्हणजे कुणाच्या तरी घराची बाहेरची भिंत, घरमालकाला विचारून. मग त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. आप्पांचं म्हणणं, "फोटो टाकला नाही तर शिकवलंच नाही धरतात."

त्यातले बरेच जण आता निवृत्त आहेत. त्यांचा वेगळा ग्रुप आहे, त्यावर महागाई भत्त्याचे शासन निर्णय आणि गुडघ्याचे व्यायाम येतात. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. बँकेत रांग लावायची, नाहीतर ऑनलाइन. कॉलनीतले एक गुरुजी बोट टेकवायचं यंत्र घेऊन ओट्यावर बसतात आणि सगळ्यांचे दाखले काढून देतात. पैसे घेत नाहीत. हेच गुरुजी नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानात कंदील घेऊन रात्री वाडीवर जायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सही शिकवायचे आणि सांगायचे, आता पुन्हा म्हणून अंगठा लावायचा नाही. आता ते एकेकाचा अंगठा धरून यंत्रावर टेकवतात. वयाने ठसे झिजलेले, यंत्र घेत नाही.

"पुसा आणि परत ठेवा, बाई."

"तीनदा ठेवला की."

"मग डाव्या हाताचा बघू. आणि हसू नका, माझाही काल चौथ्यांदा लागला."