खाऱ्या पाण्याची राखण

2019 च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या आमच्या हॉलमध्ये मत्स्यालयाचा तीन फुटी टँक आला. दीड फूट रुंद, दीड फूट उंच, पाणी साधारण 190 लिटर. काच, दगड, वाळू आणि लोखंडी स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या घरात जाणार, म्हणून खाली तुळई असलेली भिंतीलगतची जागा निवडली. आई मालवणची. मिठाची बादली पाहून तिने विचारलं, "खारा पाणी घरात ठेवन काय करतलस?" मी म्हटलं, प्रवाळ वाढवणार.

नळाचं पाणी चालत नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यावर आणला आणि त्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम या हिशेबाने सागरी मीठ विरघळवलं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. दुकानदार म्हणाला, आठ दिवसांत मासे सोडा. नवव्या दिवशी मी दोन क्लाऊनफिश आणले. आणल्यापासून पाचव्या दिवशी दोन्ही मेले.

तेव्हा टेस्ट किट विकत घेतलं. नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. टँकमध्ये अमोनिया साचला होता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या घाईमुळे दोन जीव गेले, हे मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर सहा आठवडे टँकमध्ये फक्त दगड, वाळू आणि पाणी होतं. दगडांवर तपकिरी शेवाळ आलं, मग हिरवं आलं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावर आधी गोगलगायी आणि शंखखेकडे सोडले.

पुढची चूक वाफेची. पाणी रोज दोन-तीन लिटर कमी व्हायचं आणि मी खारं पाणी घालून पातळी भरायचो. वाफ होते ती पाण्याची. मीठ टँकमध्येच राहतं. महिनाभरात रिफ्रॅक्टोमीटरवर घनता 1.030 दिसली, हवी होती 1.025. गोगलगायी कवचात शिरून बसल्या होत्या. थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घालत आठवडाभरात ती हळूहळू खाली आणली. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी टँकला गोडं पाणी, हा घराचा नियम झाला.

मे महिन्यात खोली 34 अंशांवर गेली. प्रवाळांना 25 ते 27 मानवतं. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवतं. पाणी तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 साली हेच झालं. पाण्यावर पंखे लावून पाहिले, पण आमच्या दमट हवेत त्यांनी तापमान जेमतेम दोन अंश उतरलं. शेवटी पाणी थंड करणारा चिलर घेतला. टँकपेक्षा तो महाग पडला.

दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठीसुद्धा 2020 मध्ये ते परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले. पुण्यातल्या एका मित्राच्या टँकमध्ये वाढलेल्या मऊ लेदर कोरलचा दोन बोटं रुंदीचा तुकडा त्याने मला दिला. क्लाऊनफिशची जोडी पैदास केलेलीच घेतली. केरळातल्या विळिंजमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्राने या माशांची पैदास आपल्याकडे करून दाखवली आहे, तेव्हा खडकांतून पकडलेले मासे घेण्याचं कारण उरत नाही.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली. पंप थांबले आणि पाणी निश्चल झालं. तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. मी आणि बायको आळीपाळीने मगने पाणी उपसून उंचावरून परत ओतत राहिलो, म्हणजे हवा मिसळेल. आई घड्याळ बघून पाळी बदलत होती. दुपारनंतर वीज आली. मासे वाचले, त्यांच्यासोबत ठेवलेली स्वच्छक कोळंबी गेली. लेदर कोरल आकसून आठ दिवस करडं पडून राहिलं. मग एका सकाळी त्याने मेणासारखी पातळ साल टाकली आणि सगळे बारीक हात पसरून उघडलं. त्याच आठवड्यात बॅटरीवरचा एअरपंप घेतला.

तो दोन बोटांचा तुकडा आता पसरट ताटलीएवढा झाला आहे. रात्री दिवे मालवले की दोन्ही मासे त्याच्या घडीत शिरून झोपतात. आई झोपण्याआधी एकदा तिथे उभी राहून जाते.

टँक घ्यायचा विचार असेल तर माझं एक ऐका. मासे आपण पाळत नाही, पाणी पाळतो. पाणी नीट राहिलं तर बाकीचे जीव आपापलं बघतात. म्हणून पहिले दोन महिने टँक माशांशिवाय ठेवा, रोज मोजा, वहीत लिहा. रोज दहा मिनिटं देणं आणि दर रविवारी वीस लिटर पाणी बदलणं जमणार नसेल तर घेऊ नका. आत जे जगतं, त्याला दुसरा समुद्र नसतो.