रांगोळी, ड्रोन आणि आमचा सडा

दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका सड्यावर कातळशिल्पाची बातमी करायला गेलो होतो. ऊन डोक्यावर, कॅमेऱ्यात रेघा दिसेनात. मग काय, वाडीतून रांगोळी आणली आणि माझ्या हाताने चरांत भरली. फोटो झकास आला, चार कॉलम छापला.

आज लाज वाटते. मला जिथे रेघ वाटली तिथे मी भरली. म्हणजे त्या फोटोत शिल्प किती आणि मी किती, हे आता सांगता येत नाही. पुढे तिथली वाट रुंद झाली, जेसीबीने शिल्पाचा एक कोपरा गेला. अभ्यासकांनी माझा फोटो मागितला. त्यात ना मोजपट्टी, ना दिशा. बातमीपुरता ठीक, बाकी शून्य.

मागच्या महिन्यात दुसऱ्या सड्यावर काही मुलं काम करताना बघितली. ऊन चढायच्या आत सगळं चाललेलं. तिरप्या उजेडात सावलीच रेघ दाखवते, रांगोळी लागतच नाही! जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणा, वरून ड्रोनचे शेकडो फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा आलेला. सॉफ्टवेअर एकच ठिपका अनेक फोटोंत शोधतं आणि त्याची जागा, खोली काढतं. याला फोटोग्रामेट्री म्हणतात. मग घरी बसून चर मोजा, हव्या त्या बाजूने उजेड पाडा. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. शेजारी उभं राहून तो कळतच नाही.

कोकणातली नऊ ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आठ आपली, एक गोव्यातलं. बाकी सड्यांवर चिरेखाणी आहेत, रस्ते आहेत, कुणाच्या सातबाऱ्यावर आंब्याची बाग यायचीय. एक जण मला तोंडावर म्हणाला, "रेकॉर्ड झालंय ना, मग फोडायला काय हरकत?" मला भीती याचीच वाटते. फाईलमध्ये कॅमेऱ्याने टिपलं तेवढंच असतं. उद्या याहून चांगलं तंत्र आलं, तर मोजायला कातळ तर हवा!

आणि फाईल असते शहरात, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर. ज्यांची जमीन, त्या काकांना मुलांनी लॅपटॉपवर शिल्प फिरवून दाखवलं. काका म्हणाले, "एवढा मोठा? आम्ही यावर गवत वाळत घालायचो रे!" त्याची एक प्रत गावच्या शाळेत ठेवावी, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिलाय. अजून उत्तर नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. लोकेशन मागू नका. रविवारी गाड्या घेऊन चढणारे आधीच कमी नाहीत.