पाणी, पाण आणि जल

पुण्यात दोन-चार वर्षं काढलेल्या कुणालाही एक सूचना पाठ असते. येत्या गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येणार. कारणंही ठरलेली: पर्वती जलकेंद्रातली दुरुस्ती, नाहीतर कुठली तरी जलवाहिनी. सोसायटीच्या ग्रुपवर हे पडलं की दोन मिनिटांत कुणीतरी टँकरवाल्याचा नंबर टाकतं आणि विषय संपतो.

माझ्यासाठी तो संपेना, कारण त्या दोन ओळींत एकाच गोष्टीला 'पाणी'ही म्हटलंय आणि 'जल'ही. हे मला दिसायला लागलं नॉर्वेमुळे.

आमचा एक क्लायंट ओस्लोचा आहे. रोजच्या कॉलवर त्या लोकांचे आगगाडीसारखे शब्द ऐकून मी हौसेने नॉर्वेजियन शिकायला घेतलं. या भाषेत शब्द विकत घ्यावे लागत नाहीत, घरचेच जोडायचे. पाण्याला 'वान' म्हणतात. वानमेलून म्हणजे कलिंगड. वानकोकर म्हणजे पाणी उकळायची किटली. वानक्राफ्ट म्हणजे पाण्याची ताकद, अर्थात जलविद्युत, त्यांची बहुतेक वीज तीच. शेवटचा तुकडा मुख्य, आधीचा त्याचं वर्णन करणारा. शाळेत तत्पुरुष समास घोकला असेल तर यात नवीन काही नाही. आणि जोडून लिहायचं म्हणजे जोडूनच लिहायचं. 'रॉइकफ्रित' हा एक शब्द लिहिला तर इथे धूम्रपानाला बंदी आहे, मध्ये जागा सोडली तर खुशाल ओढा.

मी अडखळले 'वासद्राग'पाशी. नदी, तिच्या उपनद्या, मधली तळी असं सगळं जाळं म्हणजे वासद्राग. आता यात 'वान' कुठे आहे? तर तिथे नॉर्वेजियन लिहिण्याच्या दोन अधिकृत पद्धती आहेत, बूकमोल आणि नीनॉश्क. नीनॉश्कमध्ये पाणी म्हणजे 'वात्न', आणि समासात शिरताना ते झिजून 'वास' होतं. (आपल्याकडे वास येणारं पाणी वेगळं.) ही नीनॉश्क एकोणिसाव्या शतकात ईवार ओसेन या माणसाने खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या बोलींवर उभी केली. १८४८ साली व्याकरण, १८५० साली कोश. बाकी ठिकाणी 'वान' वापरणारी बूकमोलही 'वासद्राग' मात्र तसाच ठेवते. देशातल्या नद्या आणि वीज पाहणाऱ्या सरकारी संचालनालयाच्या नावातसुद्धा तोच शब्द आहे.

झिजून 'वास' होतं हे वाचलं आणि मला 'पाणवठा' आठवला.

आपणही हेच करतो की. पाणी समासात गेलं की शेवटची वेलांटी गळते आणि 'पाण' उरतं. पाणवठा, पाणलोट, पाणथळ, पाणपोई, पाणचक्की, पाणकोंबडी, पाणमांजर, पाणदिवड, पाणघोडा. पाणी फक्त भांड्यात नसतं, चेहऱ्यावर आणि अब्रूतही असतं, म्हणून पाणउतारा. डोळ्यांत आलं की डोळे पाणावतात. ही खोड एकट्या पाण्याची नाही. पोळीचा पाट तो पोळपाट, केळीचं फूल ते केळफूल, लोणी कढवून केलेलं तूप ते लोणकढं, आणि घोड्याएवढी चूक ती घोडचूक. आपण हे शब्द इतके वापरलेत की जोडाची शिवणही दिसत नाही.

उलट पाणीपट्टी, पाणीकपात, पाणीटंचाई, पाणीपुरवठा, पाणीवाटप, पाणीगळती यांत पाणी अख्खंच्या अख्खं. माझा अंदाज असा की हे शब्द बोलताना नाही, लिहिताना जन्मले. पालिकेच्या बिलात, बातमीच्या मथळ्यात. तिथे झिजायला वेळ कुठला? पाणीपुरीही अखंडच आहे, पण ती बाहेरून आली. इथेच जन्मली असती तर आपण आज पाणपुरी खात असतो.

आणि या दोन्हींच्या डोक्यावर तिसरा मजला: जलवाहिनी, जलकुंभ, जलस्रोत, जलशुद्धीकरण. इथे पाण्याला घरचं नावही नाही. गंमत म्हणजे 'पाणी'सुद्धा संस्कृतमधूनच आलंय, 'पानीय'मधून. 'पानीय' म्हणजे पिण्याजोगं. मूळ धातू 'पा', पिणे. म्हणजे आपल्या शब्दात तहान आहे. आपल्या बोलण्यातल्या 'जल'ला तहान लागत नाही, ते फक्त वाहतं आणि शुद्ध होतं.

सरकारी नावांपैकी एका नावाचं मला खरंच वाईट वाटतं. राज्यात आधी पाटबंधारे खातं होतं. पाट आणि बंधारे, दोन्ही गोष्टी शेतावर जाऊन बोटाने दाखवता येतात. आता जलसंपदा विभाग आहे. संपदा कुठे दाखवणार?

बरं, 'पाण'चा साचा मेला म्हणावं तर तसंही नाही. पाणबुडी, पाणतीर, पाणसुरुंग ही तर आधुनिक युद्धाची हत्यारं. कुणीतरी टॉर्पेडोसमोर बसून 'पाणतीर' म्हटलं आणि तो शब्द जुन्या पाणकोंबडीशेजारी बिनतक्रार पोहायला लागला. नवा शब्द हवा असला की वरच्या मजल्यावरच जायला हवं असं काही नाही.

हे सगळं मी हौस म्हणून चघळत होते, तेवढ्यात ते कामात आलं. एका पाणीपुरवठा ॲपचं मराठीकरण आमच्या टीमकडे आलं. पहिला प्रश्न शोधाचा. माणूस 'पाणी' टाइप करणार, त्याला पाणपोईही सापडायला हवी. मी 'पाण'ने सुरू होणारे शब्द शोधायचा साधा नियम चालवून बघितला. यादीत पाणपोई आली, पाणथळ आली, आणि पाठोपाठ पाणिग्रहण आणि पाणिनी. संस्कृतात 'पाणि' म्हणजे हात, पण कॉम्प्युटरला त्याचं काय. समासाचे नियम बांधणाऱ्या पाणिनीलाच त्याने पाण्यात टाकलं. पानशेत मात्र आलंच नाही. ते बहुतेक 'न'ने लिहितात आणि यंत्राला ण म्हणजे ण. ज्या धरणाच्या फुटण्याने १२ जुलै १९६१ला अर्धं पुणं बुडवलं, ते नाव पाण्याच्या यादीबाहेर.

दुसरा प्रश्न शोधाचा नव्हता. नकाशावर सार्वजनिक नळ, विहिरी, हापसे, टाक्या दाखवायच्या होत्या आणि त्या सगळ्यांना मिळून एक नाव हवं होतं. आलेल्या मसुद्यात होतं, 'सार्वजनिक जलस्रोत'. मी म्हटलं, 'पाणवठे' लिहू या. छोटा शब्द, फोनच्या पडद्यावर मावतो, सगळ्यांना कळतो. मनात आजी होती. पुरंदर तालुक्यातली, उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावणारी. जलस्रोत तिला पोथीतला शब्द वाटला असता.

शेजारच्या खुर्चीतला माझा मित्र बीडकडचा. तो म्हणाला, "शब्द चांगलाय. फक्त एकदा आजीला विचार, गावात पाणवठे किती होते."

मी रात्री फोन केला. आजी म्हणाली, "दोन. वरला आपला, खालचा त्यांचा." जेवलीस का विचारावं तितक्या सहज. 'त्यांचा' म्हणजे कुणाचा हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि माझ्या मित्राची आजी त्याच्या गावात कुठल्या पाणवठ्यावर जात असेल तेही.

म्हणजे मी ज्या शब्दाच्या गोलाईवर भाळले होते, त्याची अर्धीच बाजू मला वारशात मिळाली होती. खरं तर या शब्दाचा इतिहास पुण्यातल्या कुणालाही माहीत असायला हवा. जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो याच शहरात. १९२३मध्ये सी. के. बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. पिणं, 'पा', तोच धातू. आणि त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी, १९७०च्या दशकात, पुण्याच्या डॉ. बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' अशी मोहीम काढावी लागली. 'एक' हा शब्द त्या नावात दोनदा का आहे, ते मला आजीच्या 'दोन'मुळे कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला म्हटलं, मग जलस्रोतच ठेवू या का? निदान त्यात वरचा-खालचा नाही. तो हसला. "अगं, म्हणजे माझी आजी ज्या शब्दावरून हाकलली गेली तो बाद, आणि जो तिला कळतच नाही तो ठेवायचा?" आढावांनी तोच शब्द घेऊन मोहीम काढली, कारण भांडण त्याच जागेचं होतं, असंही तो म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बराच वेळ आम्ही दोघं त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसलो, जिची लांबी जेमतेम अठरा-वीस अक्षरांची होती.

शेवटी त्यानेच टाइप केलं: 'पाणी कुठे मिळेल?' शोधात 'पाणवठा' टाकला तरी हीच चौकट उघडेल, अशी सोय मी करून ठेवली. 'जलस्रोत' अहवालापुरता राहिला.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला ते फोनवर दाखवलं. आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिलंय तिने. पैसे घेऊन पाणी भरणाऱ्या पुरुषाला ती पाणक्या म्हणते, पण स्वतःच्या कामाला तिच्या तोंडी नाम नाही, नुसतं क्रियापद आहे, 'पाण्याला जाणं'. चष्मा वर करून तिने अक्षरं सावकाश वाचली, नकाशावरच्या निळ्या ठिपक्याला बोट लावलं आणि विचारलं, "आणि येतं किती वाजता?"

तो रकाना पुढच्या आवृत्तीत येतोय.