दादांचा नाताळ

आम्ही वडिलांना दादा म्हणत होतो. ते गवंडी होते. गावात त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीचा गिलावा त्यांनीच केलेला आहे. २०२४ साली पोळा झाल्यावर त्यांना कावीळ झाली आणि त्याच महिन्यात ते वारले. गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी ‘माझा आवडता सण’ हा विषय दिला. मला नाताळ आवडतो, पण माझ्यापेक्षा दादांना जास्त आवडायचा. म्हणून मी त्यांचाच नाताळ लिहिते.

नाताळ २५ डिसेंबरला असतो. त्या दिवशी प्रभू येशूचा जन्म झाला असे आम्ही मानतो. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला व त्याचा अर्थ जन्म असा आहे, हे मला गुरुजींनी सांगितले. आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, पूर्वी अहमदनगर होते. तिथे १८३१ साली अमेरिकन मिशनचे लोक आले. तेव्हापासून आपल्याकडे खेडोपाडी ख्रिस्ती लोकांची घरे झाली. आपल्या गावात आमची चारच घरे आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळक काही वर्षे आपल्या जिल्ह्यात राहुरीला राहत होते. त्यांनी केलेली भजने आम्ही टाळ-ढोलकीवर म्हणतो. बालकवी त्यांच्या घरी नगरला राहिले होते. ढोलकी दादा वाजवायचे. त्यांच्या बोटांना सिमेंटच्या चिरा पडलेल्या असायच्या, तरी वाजवायचे.

दादा कामासाठी पुण्याला जायचे. दिवाळीला दोन दिवस यायचे आणि लगेच परत. पण शाळू हुरड्यात आला की ते थापी, ओळंबा सगळे पिशवीत भरून घरी येत, ते नाताळ झाल्यावरच जात. ठेकेदार रागावला तरी जात नसत. आजी म्हणायची, “ह्याचं समदं वरीस एका पंधरवड्यात असतं.” पिशवीत आमच्यासाठी कपडे कमी आणि रंगीत कागदच जास्त. आई त्यावरून बोलायची. पण कागद उलगडून उजेडात धरून बघायची पण तीच.

आता चांदणी कशी करायची ते सांगते, कारण पुष्कळ मुलांनी मला विचारले आहे. बांबूच्या दहा सारख्या कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांची एक चांदणी बांधावी व पाचांची दुसरी. मग दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोके सुतळीने आवळायची. नंतर आत जिथे कामट्या एकमेकींवरून जातात तिथे, दोन्ही चांदण्यांच्या मधे, चार-चार बोटांचे पाच तुकडे उभे बसवायचे. म्हणजे चांदणीचे पोट फुगते. पोट फुगले नाही तर ती चांदणी नाही, नुसता पतंग झाला, असे दादा म्हणायचे. मग गव्हाच्या पिठाची खळ करून कागद चिकटवायचा आणि बल्ब आत सोडायला एक जागा उघडी ठेवायची.

आमची चांदणी आमच्या दारात नसते, हे तुम्हाला माहीतच आहे. ती फाट्यावरच्या लिंबाला असते. दादा म्हणायचे की दारात लावली तर आपल्यालाच दिसेल, लिंबाला लावली तर मुक्कामी एसटीच्या डायव्हरला सुद्धा दिसेल. ते फांदीवर चढायचे आणि खाली आम्ही ओळंबा धरून उभे राहायचो. वरचे टोक ओळंब्यात आल्याशिवाय ते खाली उतरत नसत. चांदणीला ओळंबा लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घरात दादा गव्हाण करायचे. येशूला जन्मल्यावर गव्हाणीत ठेवले होते. गव्हाण म्हणजे काय हे शहरातल्या मुलांना सांगावे लागत असेल, आपल्याला नाही लागत. आमच्या गव्हाणीत कडबा खरा असायचा आणि बैल पोळ्याचे असायचे. पोळ्याला आणलेली मातीची जोडी आजी फडक्यात गुंडाळून नाताळपर्यंत जपून ठेवते. मेंढरे दादा मातीची करायचे व वर खरी लोकर चिकटवायचे. ती लोकर धनगराच्या वाड्यातून यायची.

त्या वाड्याचे सांगायचेच आहे. दिवाळीनंतर धनगर आपल्या शिवारात मेंढरे बसवतात. दादा २४ तारखेला अंधार पडला की फराळाचे पहिले ताट तिकडे न्यायचे. घरात कुणी करंजीला हात लावायच्या आधी. लूकच्या शुभवर्तमानात आहे की येशू जन्मल्याची बातमी देवदूताने पहिल्यांदा रानातल्या मेंढपाळांना सांगितली. ताऱ्याची आणि मागी लोकांची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, ती वेगळी. दादा म्हणायचे, “मेंढपाळांना कुठं तारा दिसला? त्यांना नुसतं सांगितलं आणि ते उठून गेले. पहिलं ताट त्यांचंच.” धनगर काही ख्रिस्ती नाहीत, ते बिरोबाला मानतात. पण दादांना त्याचे काही नव्हते.

२०२४ च्या नाताळला दादा नव्हते. आजी म्हणाली, “वरीस सरल्याबिगर कढई चढवायची न्हाई.” आम्ही ख्रिस्ती असलो तरी गावाची रीत आमच्यात पण आहे. आई काही बोलली नाही. पाळकसाहेब आले, त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले की चांदणी लावायला हरकत नाही, तो उजेड आहे. कामट्या दादांनी उन्हाळ्यातच तासून आढ्याला बांधून ठेवल्या होत्या. मी मोजल्या. दहा मोठ्या आणि पाच बारक्या, बरोबर पंधरा. मी आणि बारक्या भावाने चांदणी बांधली. चुलत्यांनी ती लिंबाला चढवली आणि मी ओळंबा धरला.

पण ताटाचे काय करायचे ते कळेना. कढई नाही तर करंजी नाही. मला रात्री झोप येत नव्हती. धनगर वाट बघत असतील असे वाटायचे. मी आईला म्हटले, नुसती भाकरी नेऊ का? आई म्हणाली, ने.

तेवढ्यात २४ तारखेला दुपारी शेजारच्या काकू ताट घेऊन आल्या. वरती रुमाल झाकलेला. मग वरच्या आळीतून एक ताट आले, मग मळ्यातून एक. ज्या घरी दुःख आहे तिथे सणाचे ताट शेजाऱ्यांनी द्यायचे, ही आपल्याकडची रीत आहे. पण ते दिवाळीला. तेव्हाही दिले होतेच. नाताळला कुणाच्या घरी कढई नसते, तरी लोकांनी मुद्दाम चढवली. एका आईने आमच्यासारख्या करंज्या करायला जाऊन त्यांना मोदकासारख्या कळ्या पाडल्या होत्या. दिवेलागणीपर्यंत अकरा ताटे झाली. आजी ओसरीवर बसून प्रत्येक ताटाला हात लावून बघत होती.

मग मी आणि भाऊ पहिले ताट घेऊन गेलो. चुलते बॅटरी घेऊन मागे होते. वाड्यावरची कुत्री भुंकू लागली. म्हातारे धनगरबाबा उठले आणि त्यांनी मागे पाहिले. “मिस्तरी न्हाय आलं?” त्यांना माहीत नव्हते, ते दिवाळीनंतर आलेले. मी सांगितले. ते कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी ताट घेऊन कपाळाला लावले आणि आम्हाला घोंगडीवर बसवले.

ते म्हणाले, “तुझा बाप दरसाल हितं बसून इचारायचा, बाबा, राती आभाळात काय काय दिसतं?” मग त्यांनी उगवतीला बोट दाखवले. तिकांडे वर आले होते. मृगाचे ते तीन तारे उगवताना एकाखाली एक असे जवळजवळ उभे दिसतात. “मिस्तरी ह्येला वळंबा म्हनायचं,” धनगरबाबा म्हणाले. “म्हनायचं, बगा, देवाचं बांधकाम सरळ हाय.”

हे दादांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते. आम्ही तिघे बघत बसलो. बॅटरी चुलत्यांनी बंद केली होती. निघताना बाबांनी मूठभर लोकर दिली आणि भावाला दूध प्यायला दिले. गव्हाणीतली मेंढरे या वेळी मीच केली. त्यांचे पाय जाड झालेत, पण ती उभी राहतात.

आता ताटांविषयी लिहिते. अकरांपैकी दहा ताटे परत दिली. ताट रिकामे परत द्यायचे नसते, म्हणून आईने त्यात हुरडा आणि बोरे घातली. एक पितळी ताट राहिले आहे. त्यावर नाव कोरलेले नाही, काठाला एक पोचा आहे. ते मळ्याच्या बाजूने आले असे आजी म्हणते, आई म्हणते खालच्या आळीतून. २६ जानेवारीला झेंडावंदनाला आलेल्या पालकांनी हे वाचले व ताट त्यांचे असेल तर मला चौथीच्या वर्गात सांगावे. हुरडा अजून आहे.